कोळशाच्या धाग्याचें हँडल



सायकलचें हँडल हा व्याख्यानाचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. सायकलीला चाकें असतात, घंटी असते, तसें हँडलही असतें. तें धरावें आणि वळवावें, याहून त्यांत बोलण्यासारखें तें काय? परंतु ज्या घरांतील मुलानें अथवा मुलीनें अलीकडे शर्यतीची सायकल घेतली असेल, त्या घरांतील वडील मंडळींस माझा विषय तात्काळ समजेल. सायकल घरीं येऊन सहा महिने लोटत नाहींत तोंच 'हिचें हँडल काढून कार्बनचें बसवावें' अशी टूम निघते. किंमत विचारावी तर ती साधारणतः दहा-पंधरा हजारांपासून पुढें सुरू होते, आणि नामांकित कारखान्याचा माल असेल तर तीस-चाळीस हजारांपर्यंतही जाऊन पोहोंचते. एका वांकड्या नळीला एवढे पैसे! आणि ती नळी कशाची, तर कोळशाची!

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर हाच प्रसंग आला, तेव्हां तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, चिरंजीव हट्ट धरून बसले आहेत. पैसे त्याच्या पगारांतले आहेत, माझें कांहीं जात नाहीं. पण यांत कांहीं तथ्य आहे कीं नुसती चैन आहे, हें तुम्हींच सांगा. आणि तें मोडणार तर नाहीं ना?" त्याच्या बोलण्यांतील शेवटचें वाक्य सगळ्यांत महत्त्वाचें होतें, हें सांगावयास नकोच.

मीं उभा जन्म शाळेंत गणित व विज्ञान शिकविण्यांत घालविला, आणि जाण्यायेण्याचें काम बावीस इंची काळ्या सायकलीनें केलें. तिचें हँडल पोलादी नळीचें, वर चकचकीत मुलामा. कार्बनशीं माझा संबंध फळ्यावरील मूलद्रव्यांच्या कोष्टकापुरताच आला होता. म्हणून त्याला लगेच उत्तर न देतां मीं या विषयावर मिळेल तें वाचलें, दुरुस्तीच्या दोन दुकानांत जाऊन तासन् तास बसलों, आणि त्या मुलाची सायकलही उलटसुलट करून पाहिली. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

हँडलचें काम सायकल वळविण्यापुरतेंच आहे, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. स्वाराचें शरीर सायकलीला तीनच ठिकाणीं टेकतें : बैठकीवर, पेडलांवर आणि हँडलवर. हात कोठें टेकतात यावर खांदे, मान आणि पाठ यांची सारी ठेवण ठरते. आणि समोरच्या वाऱ्याला छातीचा केवढा भाग सामोरा जातो हेंही त्यावरच ठरतें. सपाट रस्त्यावर ताशीं तीस किलोमीटरच्या वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति वारा कापण्यांत खर्च होत असते, आणि वाऱ्याच्या त्या अडथळ्यांत सुमारें तीन-चतुर्थांश वाटा सायकलीचा नसून खुद्द स्वाराच्या देहाचा असतो. शर्यतीच्या सायकलीचें हँडल एडक्याच्या शिंगांप्रमाणें पुढें येऊन खालीं वळलेलें असतें तें याचसाठीं. चढावर वरच्या आडव्या भागावर हात ठेवून सरळ बसावें, एरवीं ब्रेकच्या मुठींवर हात ठेवावे, आणि वारा समोरचा असेल तेव्हां खालच्या वळणांत हात घालून पाठ आडवी करावी. एकाच हँडलवर अशा तीन बैठका मिळतात.

हँडलच्या आकारानें काय घडूं शकतें याचें एक उदाहरण सायकलीच्या इतिहासांत अजरामर होऊन बसलें आहे. १९८९ सालची 'तूर द फ्रान्स' ही महाशर्यत. २३ जुलै हा तिचा शेवटचा दिवस. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत अवघें साडेचोवीस किलोमीटर अंतर, आणि प्रत्येक स्वारानें तें एकट्यानें, घड्याळाशीं झुंज देत तोडावयाचें. लोरां फिन्यों हा फ्रेंच वीर तीन आठवड्यांच्या हिशेबांत ५० सेकंदांनीं पुढें होता, आणि एवढ्याशा अंतरांत ती पिछाडी भरून निघेल असें बहुतेकांस वाटत नव्हतें. ग्रेग लेमाँड या अमेरिकन स्वारानें आपल्या सायकलीवर एक निराळेंच हँडल चढविलें होतें. पोहणें, सायकल चालविणें व धांवणें अशी तिहेरी शर्यत खेळणाऱ्या मंडळींत तें नुकतें प्रचारांत आलें होतें. त्याला पुढें काढलेले दांडे असत; त्यावर कोपरें टेकावीं, हात जुळवून पुढें लांब करावे आणि डोकें खालीं घालावें. फिन्यों आपल्या नेहमींच्या हँडलवर, बोडक्या डोक्यानें निघाला. लेमाँडनें तें अंतर त्याच्यापेक्षां ५८ सेकंद लौकर तोडलें आणि सबंध महाशर्यत ८ सेकंदांनीं जिंकली! याचें सारें श्रेय हँडलला देणें न्यायाचें होणार नाहीं. लेमाँडच्या डोक्यावर निमुळतें शिरस्त्राण होतें, आणि फिन्योंला बैठकीच्या जागीं झालेल्या गळवानें बेजार केलें होतें. तरी पण एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या जादा दांड्यांनीं लेमाँडची सायकल हलकी झाली नव्हती, उलट जडच झाली होती.

तेव्हां हँडलच्या बाबतींत पहिला विचार आकाराचा, आणि तें कशाचें आहे हा विचार त्यानंतरचा. दुकानांतून येणाऱ्या सायकलीचें हँडल कित्येकदां ४२ किंवा ४४ सेंटिमीटर रुंद असतें. रुंद खांद्यांच्या पुरुषास तें ठीक; पण बारीक चणीच्या मुलीला त्यावर हात फांकवून बसावें लागतें, आणि मग मान दुखते, खांदे भरून येतात. आमच्या शेजारच्या एका मुलीनें याच दुखण्याला कंटाळून सायकल विकावयास काढली होती. दुकानदारानें तिला ३८ सेंटिमीटरचें, साधें अल्युमिनियमचें, दोन-अडीच हजारांचें हँडल बसवून दिलें. सायकल अजून तिच्याच घरीं आहे. कार्बनच्या हँडलचा मोह ज्यास पडला असेल त्यानें आधीं आपल्या हँडलची रुंदी, त्याची पुढची झेंप आणि खालच्या वळणाची खोली हीं तीन मापें आपल्या अंगास बसतात कीं नाहीं हें पाहावें. मापें चुकलेलीं असतील तर तें हँडल सोन्याचें असलें तरी काय उपयोग?

आतां द्रव्याकडे वळूं. एक घनसेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें ७.८ ग्रॅम, अल्युमिनियमचें २.७ ग्रॅम, आणि ज्याला आपण व्यवहारांत नुसतें 'कार्बन' म्हणतों त्याचें १.६ ग्रॅमच्या आसपास. हें कार्बन म्हणजे शेगडींतला ठिसूळ कोळसा नव्हे, आणि धातु तर नव्हेच नव्हे. कोळशाचा धागा करण्याची कल्पना जुनी आहे. एडिसननें आपल्या विजेच्या दिव्यांत प्रथम सुताचा व पुढें बांबूचा तंतु जाळून, त्याचा कोळसा करून बसविला, ती गोष्ट १८७९-८० सालची. पण तो तंतु प्रकाश देण्यापुरता होता. ओझें पेलण्याचें बळ त्यांत नव्हतें. तें बळ आणण्याची युक्ति १९६० नंतरच्या वर्षांत साधली. जपानांत अकिओ शिंदो या शास्त्रज्ञानें आणि इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेंतील मंडळींनीं एका कृत्रिम धाग्यापासून हा नवा धागा काढला. ज्या अॅक्रिलिक लोकरीचे स्वेटर आपल्या घरांत विणले जातात, तिचीच हा मूळचा धागा म्हणजे सख्खी बहीण समजावी. तो ताणून धरून आधीं हवेंत भाजतात, आणि मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां हजार अंशांहून अधिक उष्णतेंत तापवितात. बाकीचीं द्रव्यें उडून जातात आणि मागें उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पांच ते सात पट, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी!

असे हजारों धागे शेजारीं शेजारीं निजवून, राळेसारख्या एका चिकट द्रव्यांत भिजवून त्याच्या पट्ट्या करतात. हँडल करणारा कारागीर या पट्ट्या कापून एकावर एक थर देत सांच्यांत बसवितो. आपल्या आजीबाई गोधडी शिवतांना जुन्या लुगड्यांचे थर देत, तोच प्रकार. मात्र गोधडीचा थर कोणत्याही अंगानें टाकला तरी चालतो. येथें तसें चालत नाहीं. धागा आपल्या लांबीच्या दिशेनें ओढला तर पोलादासही हार जात नाहीं, पण आडव्या अंगानें त्याला बळ नाहीं. बांबू उभा चिरावयास किती सोपा आणि आडवा तोडावयास किती कठिण, हें आपण पाहिलेलेंच आहे. म्हणून कांहीं थर उभे, कांहीं तिरके, कांहीं आडवे असे घालावे लागतात, आणि जेथें अधिक ताण येणार तेथें जादा थर द्यावे लागतात. मग आंत रबरी फुगा भरून, सांचा बंद करून तो तापवितात, आणि थर एकजीव होतात. या कामांत सांचा जितका महत्त्वाचा, तितकेच कारागिराचे हात महत्त्वाचे आहेत. म्हणून सारख्याच दिसणाऱ्या दोन हँडलांत जमीनअस्मानाचें अंतर असूं शकतें, आणि तें अंतर रंगाच्या खालीं झांकलेलें असतें.

या पद्धतीचा खरा लाभ असा कीं नळी गोलच असली पाहिजे हें बंधन राहत नाहीं. वरचा आडवा भाग चपटा करावा, म्हणजे तळहात त्यावर ऐसपैस टेकतो आणि वाऱ्यालाही अडथळा कमी होतो. जेथें अंगठा येतो तेथें खांच द्यावी. ब्रेकची नळी पोटांतून न्यावी. अल्युमिनियमला असा आकार देणें अशक्य नाहीं, पण फार जिकिरीचें आहे.

आणि वजनाचें काय? तरुण मंडळींचा सारा भर वजनावर असतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहूं. अल्युमिनियमचें चांगलें हँडल साधारणपणें अडीचशें ते तीनशें ग्रॅम भरतें. कार्बनचें दोनशेंच्या आसपास. वांचलेलें वजन आपण उदारपणानें शंभर ग्रॅम धरूं. स्वार सत्तर किलोचा, सायकल, पाणी व इतर सामान मिळून दहा किलो. एकूण भार ऐंशीं किलो. शंभर ग्रॅम म्हणजे त्याचा आठशेंवा हिस्सा. आतां सिंहगडाची चढण घ्या. खड्या चढावर बहुतेक सारी शक्ति वजन वर उचलण्यांत खर्ची पडते, म्हणून वेळही साधारणतः वजनाच्या प्रमाणांतच कमी होईल. जो स्वार एका तासांत, म्हणजे ३,६०० सेकंदांत वर पोहोंचतो, त्याचे त्या हँडलनें वांचलेले सेकंद किती? अवघे साडेचार! वर पोहोंचून पिठलें-भाकरी सांगण्यापूर्वीं घाम पुसावयासही याहून अधिक वेळ लागतो. ज्याचें पोट शर्यतीच्या निकालावर चालतें त्याला साडेचार सेकंद अमूल्य असतील. लेमाँडला आठ पुरले. पण त्या व्यावसायिकांनाही एक मर्यादा आहेच. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २००० सालापासून ६.८ किलोपेक्षां हलकी सायकल शर्यतींत आणण्यास मनाई केली आहे. हँडलमध्यें वांचविलेलें वजन त्यांना कित्येकदां दुसरीकडे भरून काढावें लागतें, आणि याच कारणानें कित्येक नामवंत स्वार सायकलीचा सांगाडा कार्बनचा घेऊनही हँडल पुष्कळ वर्षें अल्युमिनियमचेंच वापरीत आले.

दुसरा दावा असा करतात कीं कार्बनच्या हँडलनें रस्त्याचे हादरे कमी बसतात. यांत थोडें सत्य आहे. थर कसे घातले आहेत त्यावर तें हँडल कमीअधिक लवचिक होतें आणि बारीक थरथर कांहींशी शोषून घेतें. परंतु ज्या हादऱ्यानें हाताला मुंग्या येतात तो थांबविण्याचें काम प्रथम टायरचें आहे. आपल्याकडील रस्त्यांवर पंचवीस मिलिमीटरचें टायर दगडासारखें टणक भरून चालवावयाचें आणि मग हात बधिर होतात म्हणून हँडल बदलावयाचें, हें छप्पर गळत असतां छत्री उघडून घरांत बसण्यासारखें आहे. सांगाड्यांत जागा असेल तर अठ्ठावीस किंवा बत्तीस मिलिमीटरचें टायर घालावें, हवा कांहींशी कमी भरावी, हँडलवरची फीत जाड घ्यावी. करंगळी आणि तिच्या शेजारचें बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या करंगळीकडील बाजूनें जाणारी मज्जा दाबली जात आहे असें समजावें. हात वरचेवर हलवीत जावा, बसण्याची ठेवण जाणत्याकडून तपासून घ्यावी. आणि बधिरपणा सायकलीवरून उतरल्यानंतरही टिकत असेल तर वैद्याकडे जावें, सायकलच्या दुकानांत नव्हे.

येथवर ऐकून मी कार्बनचा वैरी आहें असें कोणी समजूं नये. अल्युमिनियमलाही त्याचे रोग आहेत. तार पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे तुटते हें आपण लहानपणीं पाहिलें आहे. अल्युमिनियमच्या नळीवरही रोजच्या लहान लहान ताणांचा असाच संचय होत जातो. त्यांत आपली हवा उष्ण. घामाचें खारट पाणी फितीखालीं मुरतें, आणि ब्रेकची मूठ जेथें आवळलेली असते तेथें धातूला पांढरी भुकटी धरून खड्डे पडतात. दुरुस्तीच्या दुकानांत मला असें एक हँडल दाखविलें. वरून फीत नवी कोरी, आंत वाळवी लागल्यासारखी नळी! विशेषतः घरांत सायकल खिळवून जागच्या जागीं व्यायाम करणारांचा घाम सारा हँडलवरच ठिबकतो. कार्बनला हा क्षार खात नाहीं, हा त्याचा मोठा गुण. त्याला जखडणारे अल्युमिनियमचे भाग मात्र अशा ओलींत अधिकच गंजतात, म्हणून तेथें लक्ष ठेवावेंच लागतें.

आतां 'मोडणार तर नाहीं ना?' या बापाच्या प्रश्नाकडे येतों. माझ्या जुन्या सायकलीचें पोलादी हँडल एकदां भिंतीवर आदळलें आणि वांकलें. दुकानदारानें चाक गुडघ्यांत धरून तें पुन्हां सरळ केलें आणि मी त्याच दिवशीं शाळेंत गेलों. पोलाद मोडण्यापूर्वीं वांकतें. मालकाला आगाऊ नोटीस देतें. कार्बन तसें करीत नाहीं. त्याची मर्यादा फार दूर असते, पण ती ओलांडली कीं तें वांकत नाहीं, एकदम तुटतें. किंवा याहूनही वाईट म्हणजे, आदळल्यावर आंतले थर एकमेकांपासून सुटतात, वरचा रंग जशाचा तसा राहतो, आणि तुटणें पुढच्या एखाद्या दिवसावर ढकललें जातें.

हें भय काल्पनिक नाहीं. २ मार्च २०२१ रोजीं बेल्जममध्यें 'ल सामें' नांवाची शर्यत चालू होती. दगडी फरसबंदीचे रस्ते हें तिचें वैशिष्ट्य. मात्यू व्हान डर पूल हा जगांतल्या अग्रगण्य स्वारांपैकीं एक पुढें असतां त्याच्या कार्बनच्या हँडलची एक बाजू ब्रेकच्या मुठीसकट तुटून लोंबूं लागली. त्याचें कसब एवढें कीं तो पडला नाहीं. ती शर्यत त्याच्याच संघांतील टिम मेर्लिए यानें जिंकली. सायकल कॅनियन या जर्मन कारखान्याची होती. कारखान्यानें थोड्याच दिवसांत त्या जातीच्या सायकली वापरणाऱ्या सर्व गिऱ्हाइकांना त्या न चालविण्याची सूचना दिली आणि तो भाग नव्यानें तयार करविला. हें कारखान्यास भूषणावह झालें, असें मला वाटतें. पण उदाहरण दुसऱ्या बाजूचेंही आहे. २००६ सालीं 'पॅरिस-रूबे' या शर्यतींत जॉर्ज हिंकापी या अमेरिकन स्वाराची, हँडल ज्या उभ्या नळीवर बसतें ती नळीच तुटली, आणि हँडल हातांत घेऊन तो रस्त्यावर आदळला. त्याचा खांदा दुखावला. ती नळी अल्युमिनियमची होती, आणि त्याच दिवशीं तो आधीं एकदां पडला होता. धातु कोणताही असो, पडल्यानंतरचा विश्वास हाच धोक्याचा.

सायकलीच्या सुरक्षिततेचें जें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्याचा क्रमांक ४२१०, त्यांत हँडलची परीक्षा मोठी कडक सांगितली आहे. एक हात दाबतो व दुसरा उचलतो अशा रीतीनें एक लक्ष वेळां, आणि दोन्ही हात एकाच दिशेनें अशा रीतीनें पुन्हां एक लक्ष वेळां यंत्रानें ताण द्यावयाचा, आणि तरीही भेग पडतां कामा नये. या परीक्षेस उतरलेलें हँडल नीट बसविलें आणि आदळलें नाहीं तर तें वर्षानुवर्षें टिकतें. अडचण आहे ती परीक्षेस न बसलेल्यांची. नामांकित कारखान्याचें नांव छापलेली बनावट हँडलें निम्म्या-पाव किमतींत घरपोंच मिळतात. आंत किती थर आहेत, राळ कसली आहे, कोणीं पाहिलें? ज्याला खरें कार्बन परवडत नसेल त्यानें खरें अल्युमिनियम घ्यावें. स्वस्तांतलें कार्बन घेणें म्हणजे वाटेवरच्या अनोळखी माणसाला आपले दांत तारण देणें होय.

बसविण्याचें काम तर सर्वांत नाजूक. धातूच्या नळीवर स्क्रू 'अजून थोडा' आवळला तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं. कार्बनची नळी त्या 'अजून थोड्यानें' चिरडते. म्हणून जेथें हँडल जखडलें जातें त्या भागावर आवळण्याचें माप छापलेलें असतें. पुष्कळदां तें पांच न्यूटन-मीटर असतें. हें पांच न्यूटन-मीटर म्हणजे काय? दहा सेंटिमीटर लांबीच्या चावीच्या टोंकाला पांच किलोचा भार टांगल्याइतका पीळ. अनुभवी मिस्त्रीही तो हातानें ओळखण्यांत फसतो, मग घरच्या हौशी माणसाची काय कथा? मापाचा पाना, ज्याला टॉर्क रेंच म्हणतात, तो विकत घ्यावा किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच काम करून घ्यावें. ज्या दुकानांत कार्बनचीं हँडलें विकावयास आहेत पण असा पाना नाहीं, तेथून पाय काढावा. चारही स्क्रू तिरप्या जोड्यांनीं थोडे थोडे आवळावे, कारखान्यानें निराळें सांगितलें नसेल तर वरची व खालची फट सारखी ठेवावी, वंगण लावूं नये. वंगणाऐवजीं बारीक कणांचा एक लेप मिळतो. वाळूनें जसा गिलाव्याला धर येतो तसा त्या कणांनीं नळीला धर येतो, आणि कमी आवळूनही हँडल फिरत नाहीं. नळीचें मधलें माप जुळतें ना, हेंही पाहावें. हल्लीं तें बहुधा ३१.८ मिलिमीटर असतें, जुन्या सायकलींत २६ असे. आणि लेमाँडसारखे पुढचे दांडे लावावयाचे असतील, तर त्या हँडलच्या कारखान्यानें तशी परवानगी दिली आहे कीं नाहीं हें वाचल्याशिवाय लावूं नयेत. पुष्कळ कार्बनच्या हँडलांस तो दाब सोसत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याच्या मुलाला मीं हें सर्व सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि हँडल घेतलें तें कार्बनचेंच; मात्र चार सेंटिमीटर अरुंद, चपट्या माथ्याचें, ओळखीच्या दुकानांतून पावतीसह, आणि सोबत मापाचा पाना. मला त्यांत आक्षेप घेण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. कमावत्या मुलानें आपल्या हौसेपायीं चार पैसे खर्चावे, हा काय गुन्हा आहे?

पुढें सात-आठ महिन्यांनीं बोपदेव घाटाच्या उतारावर खडीवरून त्याचें चाक घसरलें. कोपर सोलटलें, सायकल उजव्या अंगावर घासत गेली. दुसऱ्या दिवशीं बापलेक सायकल घेऊन माझ्याकडे आले. मुलाचें म्हणणें, हँडलला कांहीं झालें नाहीं, फक्त फीत फाटली आहे. बापाचें म्हणणें, मग तुला झोंप कां लागली नाहीं? आम्हीं फीत सोडली. आपल्या बायका बाजारांत मडकें घेतांना बोटानें वाजवून पाहतात. तसें एक नाणें घेऊन आम्हीं नळी टोंकापासून टोंकापर्यंत हलके हलके वाजवीत गेलों. डावीकडे टक् टक् असा स्वच्छ आवाज. उजवीकडे ब्रेकच्या मुठीशीं आलों आणि आवाज बद्द झाला. मूठ सैल करून बाजूला सरकविली, तेव्हां तिच्या कडेखालीं एक पांढुरकी रेघ, नखाएवढी, दिसली. मुलगा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होता. "वीस हजार गेले," एवढेंच तो म्हणाला.

या नाण्याच्या परीक्षेविषयीं एक सूचना केली पाहिजे. बद्द आवाज आला तर हँडल निश्चित काढावें. पण स्वच्छ आवाज आला म्हणून तें निर्दोष ठरत नाहीं. खोलवरची फूट ध्वनिलहरींच्या यंत्रानेंच दिसते, आणि तें यंत्र जवळ नसेल, व पडणें जोराचें असेल, तर हँडल बदलणें हाच मार्ग. रेघ पडलेल्या हँडलवर लांबी भरून, रंग लावून वापरण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचे आभार मानावे आणि घरीं यावें.

काढलेलें हँडल त्यानें माळ्यावर ठेवावयास घेतलें होतें. मीं तें ठेवूं दिलें नाहीं. माळ्यावरची वस्तु केव्हां तरी भंगारवाल्याकडे जाते, तेथून जुन्या बाजारांत येते, आणि एखादा गरीब घरचा हौशी मुलगा ती दोनशें रुपयांस नेऊन आपल्या सायकलीवर चढवितो. त्याला ती पांढरी रेघ कोण दाखविणार? आम्हीं अंगणांत एका ओल्या फडक्यांत हँडल धरलें, नाकातोंडाला रुमाल नव्हे, तर धूळ अडविणारी चांगली मुसकी बांधली, कारण या द्रव्याची धूळ छातींत जाऊं देणें बरें नाहीं; आणि पातें पाण्यानें भिजवीत करवतीनें त्याचे तीन तुकडे केले. मधला तुकडा माझ्या टेबलावर आहे. कडेला थर अगदीं स्पष्ट दिसतात. भिंग घेतलें तर मोजतांही येतात.